जगाची आवड आहे, म्हणून मास्टर्स करू का?

ताई,
मी २५ वर्षांची आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गेली दोन वर्षं मालवाहतूक करणाऱ्या एका कंपनीत निर्यातीची कागदपत्रं पाहते. बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाची पावती), इनव्हॉइस, माल घेणाऱ्याचं नाव निर्बंधांच्या यादीत नाही ना याची तपासणी, हे माझं रोजचं काम. काम वाईट नाही, पण मन रमत नाही. रात्री मी सुरक्षा परिषदेच्या बैठकांची थेट प्रक्षेपणं पाहत बसते. मला एका परदेशी विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. शिष्यवृत्ती नाही. सगळा खर्च धरला तर कर्ज माझ्या आजच्या सहा वर्षांच्या पगाराएवढं होतं. बाबा विचारतात, "ही पदवी घेऊन तू नेमकी कोण होणार?" मला उत्तर सुचत नाही. संयुक्त राष्ट्रांत काम करावं, एवढंच डोळ्यांसमोर आहे. पाच आठवड्यांत विद्यापीठाला कळवायचंय. जाऊ का?
– नकाशावेडी

प्रिय नकाशावेडी,

या वर्षी, या कर्जावर, जाऊ नकोस. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुला जीव मुठीत धरून वाचावं लागणार नाही. पण "जाऊच नकोस" असं मी म्हणत नाहीये, आणि हा फरक नीट कळावा म्हणून पत्र थोडं लांबणार आहे.

तुझ्या बाबांचा प्रश्न तुला टोचला असणार, पण तो रास्त आहे. वैद्यकीय पदवी घेतली की माणूस डॉक्टर होतो, कायद्याची घेतली की वकील होतो. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी घेऊन माणूस कुणीच होत नाही. या पदवीला स्वतःचा व्यवसाय नाही, सनद नाही, परवाना नाही. हा विषयाचा दोष नाही, त्याचा जन्मच तसा आहे. पहिल्या महायुद्धाचा धूर विरतो न विरतो तोच, १९१९ मध्ये, वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला या विषयाचं पहिलं अध्यासन सुरू झालं. एवढा संहार कसा झाला आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं, हा तिथला प्रश्न होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउन विद्यापीठानं एक वेगळीच शाळा काढली, राजनय आणि परदेशी व्यापार या दोन्हींसाठी माणसं घडवणारी. पुढे १९२७ मध्ये जिनेव्हाची ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट आली, १९३३ मध्ये अमेरिकेतली फ्लेचर, १९४३ मध्ये तिथलीच, सध्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा भाग असलेली सैस. पहिल्या दिवसापासून एकाच पाटीखाली दोन वेगळी दुकानं चालू आहेत. एकात विचार शिकवतात, दुसऱ्यात कामाची तयारी करून घेतात.

तुला प्रवेश मिळालाय तो यांपैकी कुठल्या दुकानात, हे तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं तू तपासलेलंही नसावंस. अभ्यासक्रम उघड आणि सक्तीचे विषय बघ. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद असे सिद्धान्त, संशोधनपद्धती आणि शेवटी प्रबंध असं असेल, तर ती पीएचडीकडे जाणारी वाट आहे. ती सुंदर वाट आहे, पण कर्ज काढून चालण्याची नाही. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारनीती, वाटाघाटी आणि एखाद्या भाषेची परीक्षा सक्तीची असेल, तर निदान बोलण्यासारखं काहीतरी आहे.

आता संयुक्त राष्ट्रांकडे येऊ. गंमत अशी की मास्टर्सची किंमत किती, हे संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच लिहून ठेवलंय. सचिवालयाच्या व्यावसायिक श्रेणीतल्या खालच्या पदांच्या, म्हणजे पी-२ आणि पी-३ च्या जाहिराती वाच. पी-२ ला साधारणपणे मास्टर्स आणि दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला मास्टर्स आणि पाच वर्षांचा. आणि त्याच्याच खाली बहुतेक वेळा एक ओळ असते: पहिली पदवी आणि आणखी दोन वर्षांचा संबंधित अनुभव असेल तरी चालेल. म्हणजे त्यांच्या हिशेबात मास्टर्स म्हणजे दोन वर्षांचं काम, त्याहून जास्त नाही. आता तू तुझा हिशेब मांड. दोन वर्षांच्या अनुभवाच्या बदल्यात तू सहा वर्षांचा पगार मोजायला निघाली आहेस, वर त्या दोन वर्षांत मिळाला असता तो पगार सोडून.

त्याच जाहिरातींत आणखी एक पाहण्यासारखी गोष्ट आहे. मास्टर्स कशातली हवी, तिथे कायदा, अर्थशास्त्र, सार्वजनिक प्रशासन, राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध "किंवा संबंधित विषय" अशी लांबलचक माळ असते. आपला विषय त्यातला एक मणी. तिथल्या सर्वोच्च खुर्चीत, म्हणजे सरचिटणीसपदी, बसलेली माणसं बघितलीस तरी हेच दिसतं. गुटेरेस शिकले इंजिनिअरिंग. बुत्रोस घाली आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. कोफी अन्नान यांनी अर्थशास्त्रात पदवी घेतली, जिनेव्हात काही काळ आपल्या विषयाचा अभ्यास केला, १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नोकरीला लागले आणि पुढे मास्टर्स केली ती मॅनेजमेंटमध्ये, एमआयटीतून, १९७२ मध्ये. बान की-मून यांची पहिली पदवी आंतरराष्ट्रीय संबंधांचीच, पण १९७० मध्ये ते परराष्ट्र सेवेत शिरले आणि हार्वर्डची मास्टर्स मिळवली ती १९८५ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षं नोकरी केल्यावर. अन्नान आणि बान या दोघांच्या बाबतीत क्रम लक्षात घे: आधी काम, मग वर्ग.

पदवी न वाढवता आत जाण्याची एक वाट तुझ्यासाठी अजून उघडी असू शकते. यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम नावाची परीक्षा असते. वय ३२ पर्यंत, पहिली पदवी पुरते, इंग्रजी किंवा फ्रेंच उत्तम हवी. अट एकच आणि ती आपल्या हातात नसते: सचिवालयात ज्या देशांची माणसं कमी आहेत, त्याच देशांच्या नागरिकांना त्या वर्षी बोलावतात आणि परीक्षेचे विषयही दरवर्षी बदलतात. तुझा देश यादीत आहे का, हे पाहायला पाच मिनिटं लागतील. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर म्हणून घेतात तिथे खर्च एखादं सरकार उचलतं, त्यामुळे बहुतेक जागा त्या सरकारच्याच नागरिकांना मिळतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रमही आहे, मुख्यालय बॉनला. नाव स्वयंसेवक असलं तरी राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो, आणि अनुभव अनुभवात धरला जातो.

तुला कदाचित आपल्या देशाचं राजदूत व्हावंसं वाटत असेल आणि संयुक्त राष्ट्रं हे नुसतं त्या इच्छेचं मोठं नाव असेल. तसं असेल तर आपल्या परराष्ट्र खात्याची अट आधी वाच. अमेरिकेत परराष्ट्र सेवेच्या अधिकाऱ्याला कुठल्याच पदवीची सक्ती नाही. भारतात कोणत्याही शाखेची पहिली पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा पुरते. जर्मनीत वरच्या सेवेसाठी मास्टर्सच्या पातळीचं शिक्षण लागतं, पण ते आंतरराष्ट्रीय संबंधांचंच हवं असं नाही. लोक ही अट न वाचता दोन वर्षं आणि एक कर्ज घालवतात. मी असे तिघं तरी पाहिलेत.

आणि काळ कसा आहे तेही बघ. १९६१ पासून चालत आलेली परदेशांना मदत देणारी अमेरिकेची यूएसएड ही संस्था १ जुलै २०२५ ला बंद झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांनी यूएन-८० या नावानं काटकसर आणि फेररचना सुरू केली. पदं कमी होतायत, कार्यालयं हलतायत. अमेरिकेच्या मदतीवर चालणाऱ्या कितीतरी स्वयंसेवी संस्थांनी माणसं कमी केली. याचा अर्थ तू पदवी घेऊन बाहेर येशील तेव्हा रांगेत तुझ्यापुढे नुसते तुझे वर्गमित्र नसतील. पंधरा वर्षं निर्वासितांच्या छावण्या चालवलेली, चार भाषा बोलणारी आणि आता पी-२ लाही तयार असलेली माणसं असतील. हे कायम असंच राहील असं नाही. पण तुझे हप्ते ते बदलण्याची वाट पाहणार नाहीत.

आता मास्टर्सच्या बाजूनंही बोलते, नाहीतर मी नुसतीच फाटे फोडतेय असं वाटेल. मी स्वतः ही पदवी घेतली आहे. शिष्यवृत्तीवर, तिशीच्या उंबरठ्यावर, आधी चार वर्षं भाषांतराचं काम करून. तिचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. बातमी वाचताना ती कुणाच्या सोयीची आहे हे आपोआप दिसायला लागतं, ही सवय तिथली. दोनशे पानांतून दोन पानं काढण्याची सवयही तिथली. नोकरीच्या पहिल्या लेखी परीक्षेत मला चाळीस पानांचा अहवाल आणि नव्वद मिनिटं दिली होती. "मंत्री गाडीतून उतरायच्या आत वाचतील, असं एक पान लिहा." सिद्धान्ताबद्दल चकार शब्द विचारला नाही. ते पान मला जमलं, कारण वर्गात एका कडक बाईंनी दर आठवड्याला असं एक पान लिहून घेतलं होतं आणि त्यातली निम्मी विशेषणं लाल शाईनं उडवली होती. दुसरी कमाई वर्गमित्रांची. माझ्या वर्गातली माणसं आज सात देशांत आहेत, आणि कुठल्या जागेची जाहिरात खरी आहे आणि कुठल्या जागेवर माणूस आधीच ठरलाय, हे मला त्यांच्याकडून कळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे इंटर्नशिपचा दरवाजा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्न व्हायचं तर मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण चालू असावं लागतं, नाहीतर पदवीच्या शेवटच्या वर्षात असावं लागतं किंवा पदवी मिळून वर्ष उलटलेलं नसावं. तुझी पदवी जुनी झाली. मास्टर्सला गेलीस की तो दरवाजा पुन्हा उघडतो, आणि जिनेव्हा, व्हिएन्ना, नैरोबी, न्यूयॉर्क अशा शहरात असलीस तर तो चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

पण घोडं इथेच पेंड खातं. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना किंवा युनिसेफ स्टायपेंड देतात, सचिवालय देत नाही. २०१५ मध्ये जिनेव्हात एक इंटर्न तंबूत राहतो अशी बातमी जगभर गाजली होती. त्यानं ते काही अंशी लोकांचं लक्ष वेधण्यासाठीच केलं होतं हे नंतर बाहेर आलं, पण बिनपगारी कामाचा प्रश्न खोटा ठरला नाही. आता विचार कर, ज्या मुलीच्या डोक्यावर सहा वर्षांच्या पगाराचं कर्ज आहे, ती जगातल्या सगळ्यात महाग शहरांपैकी एकात सहा महिने फुकट काम करू शकेल का? त्यानंतर कधी तीन, कधी अकरा महिन्यांचं कंत्राट घेऊ शकेल का? पदवी जो दरवाजा उघडते, तोच हे कर्ज बंद करतं. मला तुझ्या बेतात सगळ्यात जास्त खुपतंय ते हे.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तू सहज लिहून पुढे गेलीस. "माल घेणाऱ्याचं नाव निर्बंधांच्या यादीत नाही ना याची तपासणी." अगं, रात्री तू ज्या सभागृहाकडे टक लावून बसतेस, तिथे हात वर होतात तेव्हा बनणारी यादी दिवसा तुझ्या टेबलावर येते. ठराव मंजूर झाला म्हणून जहाज थांबत नाही, ते थांबतं कारण कुठल्यातरी कार्यालयात तुझ्यासारखं कुणीतरी म्हणतं, "थांबा, हे नाव जुळतंय."

तुला हे काम कंटाळवाणं वाटतं कारण तुला फक्त नाव जुळवायला सांगितलंय. त्यामागे काय आहे ते बघ. अमेरिकी नियमानुसार निर्बंधांखालच्या व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनीसुद्धा बंदीखाली येते, मग तिचं नाव यादीत असो वा नसो. म्हणून लोक मालकी ४९ टक्क्यांवर आणतात, भाच्याच्या नावानं नवी कंपनी काढतात. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियावर निर्बंध आले आणि काही माल अचानक तिसऱ्याच देशांतून फिरून जायला लागला. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले आणि कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागले. त्यामुळे झालेला तारखांचा घोळ तू स्वतः कागदांवर पाहिला असशील. चिप आणि बेअरिंग यांसारख्या, कारखान्यातही चालणाऱ्या आणि क्षेपणास्त्रातही चालणाऱ्या वस्तूंचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, कुणी मुद्दाम चुकीचा घातलाय का, हे ओळखणारी माणसं फार थोडी असतात. वर्गात हे कुणी शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात बिल ऑफ लेडिंग हातात धरलेलं नसतं.

सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समित्यांना माहिती पुरवायला तज्ज्ञांची पॅनेल असतात. त्यांत शस्त्रांचे जाणकार असतात तसेच पैशाचे, जहाजवाहतुकीचे आणि सीमाशुल्काचेही असतात. उत्तर कोरियावरच्या निर्बंधांवर नजर ठेवणाऱ्या पॅनेलनं वर्षानुवर्षं हेच केलं: कुठलं जहाज कुठे नाव बदलून गेलं, समुद्रातच तेल एका जहाजातून दुसऱ्यात कसं ओतलं. मार्च २०२४ मध्ये रशियानं नकाराधिकार वापरला आणि ते पॅनेल एप्रिलअखेर बंद झालं. ती बैठक तू बहुधा पाहिली असशील. काय संपतंय हे पाहणाऱ्यांपैकी तुझ्याइतकं थोड्यांनाच कळलं असेल. त्या पॅनेलवर जायला पुष्कळ वर्षांचा अनुभव लागतो, उद्या तुला कुणी बोलावणार नाही. पण तिकडे जाणारा रस्ता तुझ्या कंटाळवाण्या टेबलावरून जातो. बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, निर्यात नियंत्रणाची सरकारी खाती, सगळ्यांना हे काम करणारी माणसं लागतात, आणि तिथे पगार महिन्याच्या महिन्याला होतो.

म्हणून मी म्हणते, हातातलं सोडू नकोस, त्याला धार लाव. कंपनीत निर्बंधांचं काम पूर्णवेळ मिळतं का बघ. मिळत नसेल तर जिथे मिळतं तिथे जा. फ्रेंच सुरू कर. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच या दोनच आहेत. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना फ्रेंचसाठी साधारण ३० आठवडे देतं आणि अरबी किंवा चिनीसाठी ८८, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास. अरबीचं स्वप्न नंतर बघ. रोज दोन तास याप्रमाणे वर्षाला सातशेच्या वर तास होतात, त्यात फ्रेंच कामापुरती येते. सुरक्षा परिषदेचं प्रक्षेपण बंद कर असं मी सांगत नाही, पण फ्रेंच प्रतिनिधी बोलत असताना दुभाष्याचा आवाज बंद कर.

मग पुढच्या फेरीत शिष्यवृत्तीसाठी अर्ज कर. ब्रिटनची चेव्हनिंग १६० हून अधिक देशांच्या लोकांना मिळते, मास्टर्स एका वर्षाची असते आणि अट २,८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची आहे. दोन वर्षं पूर्णवेळ नोकरी केलेल्या तुझ्याकडे ते तास आजच आहेत. नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं, हे मात्र लक्षात असू दे. युरोपची एरास्मस मुंडुस आहे, त्यात दोन-तीन देशांत शिकता येतं. जर्मनीची डाड आहे. अर्जात "मला लहानपणापासून जगाची आवड आहे" असं लिहिणारे हजारो असतात. "तिसऱ्या देशांतून वळवलेला माल कागदांवर कसा ओळखू येतो, हे मी रोज पाहते आणि निर्बंध कुठे गळतात याचा मला अभ्यास करायचाय" असं लिहिणारी एखादीच असते. आणि हो, तेव्हा विषय पुन्हा निवड. तुझ्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा किंवा राजकीय अर्थशास्त्र कदाचित जास्त बरं. दारं बरीचशी तीच उघडतात, आणि एखादं बंद झालं तर बाहेर पडायला मागचं दारही असतं.

माझं मत बदलेल अशा दोन परिस्थिती आहेत. विद्यापीठानं निम्म्याहून अधिक खर्च उचलला तर, किंवा तुला खरोखर पीएचडी करून शिकवायचं असेल तर. दुसरं खरं असेल तर मला वेगळं पत्र लिही, त्याचं गणितच निराळं.

या आठवड्यात दोन कामं कर. विद्यापीठाला पत्र लिही: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, त्यासाठी काही रक्कम भरावी लागेल का, आणि पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी विचार होईल का. त्याच पत्रात विचार की गेल्या दोन तुकड्यांतली माणसं पदवीनंतर सहा महिन्यांनी कुठल्या पदावर होती. टक्केवारी देऊ लागले तर पदांची नावं माग. त्या टक्केवारीत इंटर्न आणि पुढे शिकायला गेलेलेही मोजलेले असू शकतात. माहितीपुस्तिकेत फोटो नसलेल्या तीन माजी विद्यार्थ्यांना स्वतः शोधून विचार. दुसरं काम, संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरच्या वीस जाहिराती छापून घे आणि मी वर सांगितलेल्या, पहिली पदवी आणि जादा अनुभव चालेल म्हणणाऱ्या ओळीखाली रेघ मार. मग उरलेल्या अटी वाच आणि त्यातल्या किती तुझ्याकडे आज आहेत, हे बाबांना शेजारी बसवून मोज. त्यांना हिशेब कळतो असं त्यांच्या प्रश्नावरून दिसतंय.

विद्यापीठाचं उत्तर आलं की मला कळव. पुढच्या पत्रात मात्र "संयुक्त राष्ट्रांत काम" असं लिहू नकोस, त्या वीस जाहिरातींतल्या एका पदाचं नाव लिही.

– तुझी ताई